पुढचं पान

अंबरनाथ पूर्व
बुधवार, १८ जून २०२५

माननीय मुख्याध्यापिका बाईसाहेब,

तुमच्या शाळेचं परिपत्रक वाचलं. 'इयत्ता पहिली व दुसरीच्या विद्यार्थ्यांना यापुढे गृहपाठ दिला जाणार नाही. संध्याकाळचा वेळ पालकांनी पाल्यासोबत आनंदात घालवावा.' वाचताना मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. आनंदात घालवावा म्हणे! ऋते, तुझ्या शाळेतले पालक कोण आहेत हे तुला ठाऊक तरी आहे का? यातले निम्मे सातच्या पुढे घरात पाऊल टाकतात आणि उरलेले घरात असूनही मोबाइलमध्ये असतात. आनंद कुणाच्या खिशात आहे तो घालवायला?

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. म्हणून हे पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. मुख्याध्यापिकेच्या नावानं आलेल्या प्रत्येक कागदावर तुमचा शिपाई भीमराव आवक क्रमांकाचा शिक्का मारतो आणि शिक्का बसला की उत्तर द्यावंच लागतं, हे मला पक्कं माहीत आहे. सख्ख्या मोठ्या बहिणीला नाही दिलंस, तरी शिक्क्याला देशील.

मावशीच्या जिज्ञासाच्या साखरपुड्यात तू जे बोललीस ते मी विसरलेले नाही. भर पंगतीत म्हणालीस, "ताईचा क्लास म्हणजे गृहपाठाची गिरणी. संध्याकाळी डबा ठेवायचा, दळून झालं की घेऊन जायचा." सगळे हसले. हातात बासुंदीची वाटी घेऊन मीही हसले, कारण रडायला ती जागा नव्हती. तेव्हापासून आपण बोललो नाही, आणि आता हे परिपत्रक. शाळेत गृहपाठच नाही म्हटल्यावर गिरणीत दळायला काय येणार, असाच हिशेब केलास ना?

तर माझी काळजी करू नकोस. माझा क्लास जोरात चालू आहे. काही पालक 'विचार करून सांगतो' म्हणालेत, पण पालक नेहमीच विचार करत असतात, त्यातून निघत काही नाही. दिवाळीच्या आत तू हे परिपत्रक मागं घेशील. मी तुला लहानपणापासून ओळखते. तू धाडस करतेस ते कुणी रागावेपर्यंतच.

आपली विश्वासू,
मीनल (गिरणीवाली)

रविवार, २९ जून

माननीय बाईसाहेब,

उत्तर मिळालं. 'आपले पत्र प्राप्त झाले. योग्य ती नोंद घेण्यात आली आहे.' खाली सही, सहीखाली शिक्का. वा! फ्रॉकला इस्त्री करून द्यायला जिच्या मागे लागायचीस तिला 'आपले पत्र प्राप्त झाले'. असू दे.

एक आनंदाची बातमी कळवते. तुझं परिपत्रक माझ्या पथ्यावर पडलं. गेल्या आठवड्यात सोहमचे वडील आले होते, उन्मेष. एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत क्वालिटीला ऑफिसर आहेत. दिवसभर गोळ्या तपासतात आणि घरी येऊन मुलाला तपासतात. म्हणाले, "मॅडम, शाळेनं होमवर्क बंद केलाय, पण प्लीज तुम्ही चालू ठेवा. आम्ही दोघं पोचेपर्यंत आठ वाजतात. तोपर्यंत हा नुसता बसला तर बिघडेल हो."

सात वर्षांचं पोर म्हणजे काय दूध आहे बिघडायला? पण मी कशाला बोलू? मी म्हटलं, "हो, हो, देते ना." आता मीच पानं तयार करते आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणते. एक पान झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. जे पालक विचार करत होते त्यांचा विचार संपला. हॉलमध्ये सतरंजी पुरत नाही.

सगळ्यांत कहर म्हणजे पायल. तुझ्या दुसरीतल्या चिमीची आई. नवरा कमलेश इथल्याच जुन्या शेतकरी घरातला, त्यांच्या जमिनीवर आता इमारती आहेत आणि शेजारच्या शहरात कॅम्प तीनला त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. दोघंही दिवसभर तिथं. स्कूटर बंद न करताच पायल मला म्हणाली, "बाई, आमच्या चिमीला डबल द्या. लय स्लो आहे ती. एक पान लिहायला अख्खी संध्याकाळ. आमचा कारीगर तेवढ्या टायमात पँटींचा ढीग लावतो." आणि मग लेकीच्या देखतच म्हणाली, "दिवाळीपर्यंत सुधारली नाय ना, तर सरळ हॉस्टेलच्या शाळेत टाकणार. माझ्या नणंदेचा पोरगा तिथं एकदम सरळ झाला."

चिमी दारात उभी राहून चपलेचा पट्टा काढत होती. तोही तिनं सावकाशच काढला. खरं सांगायचं तर मलाही ती मठ्ठच वाटते. एक शब्द लिहील, खोडेल, फुंकर मारेल, पुन्हा तोच लिहील. पण म्हणून काय एवढ्याशा पोरीला हॉस्टेलला टाकायचं? तुम्हा लोकांना मुलं हवीत कशाला तेच मला कळत नाही.

मीनल

शनिवार, १२ जुलै

ऋता,

आज उपरोध बाजूला ठेवते. अगदीच ठेवता येणार नाही, पण प्रयत्न करते.

काल शुक्रवार. दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट नव्हती, झेरॉक्सचं दुकान बंद. माझ्याकडे एकही पान नव्हतं. सहा वाजता मुलं आली, पेन्सिली काढून बसली. मी म्हटलं, आज पानं नाहीत. मला वाटलं आरडाओरडा करतील, उड्या मारतील. छे! सगळी माझ्याकडे बघत बसली. शेवटी चिमीनं विचारलं, "मग बाई, आता काय करायचं?" मी म्हटलं, "खेळा." तर एकमेकांची तोंडं बघायला लागली. खेळा म्हटल्यावर काय करायचं असतं हे विचारण्याची वेळ आलेली मुलं मी पहिल्यांदा पाहिली. शाब्बास तुमच्या शिक्षणाची!

मग त्यांनी खेळ काढला तो कोणता, तर क्लास-क्लास. चिमी झाली बाई. माझी ओढणी खांद्यावर घेतली, हातात फूटपट्टी. मी स्वयंपाकघरातून बघत होते. चिमी सगळ्यांमधून फिरत होती आणि माझ्याच आवाजात म्हणत होती, "झालं का? दाखव. छान. घे पुढचं पान. झालं का? छान. घे पुढचं पान." माझं बोलणं तिनं असं हुबेहूब उचललं होतं की मला माझाच राग आला.

नुकताच क्लासला लागलेला एक मुलगा खोटंखोटं पान भराभर लिहून मोकळा झाला. तर सोहम त्याच्या कानाशी लागला. हळू आवाजात, पण मला ऐकू आलं. "ए, एवढ्या पटापट नको लिहूस. रोज संपलं की बाई अजून देतात. चिमीसारखं खोडत बस. तिला एकच पान पुरतं."

ऋता, मी तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. इतकी वर्षं मी या पोरांना शिकवते असं समजते, आणि पोरं माझ्यापासून वाचायची युक्ती एकमेकांना शिकवत बसलीत. आणि सगळ्यांत पटाईत कोण, तर ती मठ्ठ चिमी!

आपले बाबा कारखान्यात कामाला होते तेव्हा क्वार्टर्समध्ये आपला करार काय होता, आठवतंय? अभ्यास संपला की पळ. तू नेहमी माझ्याआधी संपवायचीस. आई वही बघायचीसुद्धा नाही, नुसती म्हणायची, "जा, भोंगा झाला की घरी." संपलं की सुटका होती, म्हणून तू भराभर संपवायचीस. एवढी साधी गोष्ट आहे. ती एकाही पालकाच्या डोक्यात शिरत नाही, आणि आपण दोघी त्याच डोक्यांकडून पगार आणि फी घेतो.

सोमवारपासून माझ्याकडे एकच पान. संपलं की खेळ.

ताई

रविवार, २७ जुलै

ऋता,

'आपले पत्र प्राप्त झाले' हे तिसऱ्यांदा आलं. तुझ्या ऑफिसात दुसरं वाक्यच नाही का?

चिमीचं सांगते. पहिले काही दिवस तिचा विश्वासच बसला नाही. पान अर्धं करून माझ्याकडे चोरून बघायची, मी झेरॉक्सच्या गठ्ठ्याकडे जाते का म्हणून. मग मी तो गठ्ठा तिच्यासमोर कपाटात ठेवून कुलूप लावलं. परवा काय झालं माहीत आहे? बाकीची पेन्सिलीला टोक करत होती तेवढ्यात हिचं पान झालं. एकही चूक नाही. अक्षर टपोरं. मी बघतच राहिले. ही पोरगी साऱ्या क्लासमध्ये सगळ्यांत चपळ आहे, आणि हिच्या आईला वाटतं ही मंद आहे.

पण घरी तर पानांचा गठ्ठा दिसायला हवा. उन्मेष रोज दप्तर उघडून पानं बघतात. म्हणून मी एक उपाय काढला. दुपारी जेवण झालं की उरलेली पानं मीच भरते. डाव्या हातानं, म्हणजे अक्षर पोरासारखं येतं. सोहमचं जरा तिरकं काढायचं, चिमीच्या पानावर खाडाखोड करायची. राहिलीच तर संध्याकाळी मुलं खेळतात तेव्हा भरते, मग ज्याचं त्याच्या दप्तरात. मुलं खेळतात, पालक खूश, मी खूश. काल उन्मेष मुद्दाम फाटकाशी थांबले. "मॅडम, सोहमचं अक्षर काय सुधारलंय! बघा, प्रॅक्टिसचा परिणाम." मी म्हटलं, "असतोच हो परिणाम." दिवसभर गोळ्यांमधला दोष शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलाचं अक्षर ओळखता येत नाही. असे हे पालक, आणि यांच्यासोबत म्हणे संध्याकाळ आनंदात घालवायची!

हा भाग आवकमध्ये नोंदवू नकोस. तुझा स्टाफ वाचत असेल तर वाचू दे. त्यांच्यातल्याही निम्म्या जणी घरी आपल्या मुलांची प्रोजेक्टं स्वतःच करतात.

ताई

रविवार, १७ ऑगस्ट

ऋता,

तुला एव्हाना सगळं कळलंच असेल, अंबरनाथला अशा बातम्यांना रिक्षाही लागत नाही. तरी माझ्याकडून ऐक.

सोहमची पानं उन्मेषनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. लोकांनी अंगठे दाखवले, टाळ्या वाजवल्या. एवढ्यावर थांबेल तो बाप कसला? पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सोसायटीत मुलांची सुंदर अक्षर स्पर्धा होती, त्यात सोहमचं नाव दिलं. सगळ्यांसमोर टेबल, कोरा कागद. सोहमनं लिहिलं ते त्याचं स्वतःचं अक्षर, कोंबडीनं अंगण उकरावं तसं. उन्मेष म्हणाले, "अरे, घरी लिहितोस तसं लिही ना." सोहम म्हणाला, "घरचं मी नाय लिहीत. ते बाई लिहितात. डाव्या हातानी."

बिंग फुटलं. लोक हसले आणि उन्मेष लालबुंद झाले. बायको म्हणाली, "जाऊ दे ना, मुलं आहेत," तर तिच्यावरच ओरडले. संध्याकाळी सहा-सात पालक माझ्या दारात. "आम्ही फी कशाची देतो?" "आमच्या पोरांचं वर्ष वाया घालवलंत." कमलेश तर जोरातच होता. "बाई, हा काय टाइमपास लावलाय? आमची पोरगी आधीच स्लो, आणि तुम्ही तिला खेळवत बसलात?" मी सांगायचा प्रयत्न केला की ती स्लो नाही, सगळ्यांत आधी तिचं होतं. पायल म्हणाली, "आता तुमचं काय खरं मानायचं, बाई?"

त्याचं मला फार वाईट वाटलं, ऋता. ही एकच गोष्ट खरी सांगत होते आणि तीच कुणाला पटेना.

बहुतेक मुलं क्लासमधून काढली. चिमी तेवढी येते, कारण पायल येईपर्यंत तिला ठेवायला दुसरं घर नाही. आणि आता ही सगळी मंडळी तुझ्याकडे येणार आहेत. गृहपाठ नसला की काय होतं याचा पुरावा म्हणून माझं नाव सांगतील. सांगू देत. मी खोटारडी आहे, पण तुझं परिपत्रक खोटं नाही. तुझं बरोबर होतं. हे लिहिताना माझे दात शिवशिवताहेत, पण बरोबर होतं.

तेवढं शेपूट घालू नकोस.

ताई

रविवार, ७ सप्टेंबर

चि. ऋता,

हे पत्र बदलापूरच्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. भीमरावाच्या हाती लागायला नको.

पालकसभेला मी आले होते, शेवटच्या रांगेत. तू पाहिलंस मला. उन्मेष उभे राहिले, माझी पानं पंख्यासारखी पसरून दाखवली, शिस्तीवर भाषण दिलं. आणि तू माइक घेऊन म्हणालीस, "शाळा पालकांच्या भावनांचा आदर करते." एवढंच! सोमवारपासून गृहपाठ पूर्ववत. परिपत्रक काढायला तुला किती महिने लागले असतील कोण जाणे, आणि गुंडाळायला एक वाक्य. मी बोलायला उठले तेव्हा उन्मेष म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर बोलूच नका," आणि सभागृह हसलं. अगदी साखरपुड्यात हसले होते तसंच. तू टेबलावरचे कागद सरळ करत बसलीस. ते आधीपासून सरळ होते, ऋता.

तुझी मला कीव आली. मग दोन-तीन दिवस नुसता राग होता. आता रागही बाजूला ठेवते, कारण मला तुझ्याकडे काम आहे.

चिमी रोज सहाला येते. तुझ्या शाळेचं एक पान असतं. माझा चहा उकळायच्या आत ते होतं, फक्त शेवटची ओळ सोडून. ती ओळ ती मुद्दाम ठेवते. मग आम्ही सागरगोटे खेळतो. तुझे-माझे, आईच्या डब्यातले. तुझ्यासारखीच खेळते, हात भराभर, डोळे वर. आणि फाटकाशी स्कूटरचा आवाज आला की सागरगोटे सतरंजीखाली, पेन्सिल हातात. आई दारात येते तेव्हा लेक शेवटची ओळ खोडत बसलेली असते.

गुरुवारी पायल दारातूनच म्हणाली, "अजून चालूच? बघा बाई, एक पान! फॉर्म भरलाय आम्ही. दिवाळीनंतर हॉस्टेल पक्कं." दमलेली होती. गणपतीच्या दिवसांतही कारखाना बंद ठेवला नव्हता. वाईट बाई नाही ती, पण लेकीच्या वहीपलीकडे लेक बघायला तिला वेळ नाही. मी म्हटलं, "पायल, अगं, हिचं पान मघाच—" तर चिमीनं माझा पदर धरून ओढला. घाबरून बघत होती माझ्याकडे. बोलले असते तरी मानलं कुणी असतं?

काल मी तिला जवळ बसवून विचारलं, "का गं? आईला सांगितलं तर हॉस्टेल टळेल ना?"

"नको बाई. मला पटकन येतं हे आईला कळलं, तर ती अजून देईल."

"आणि हॉस्टेल? तिथं आई नसेल, बाबा नसतील. चालेल तुला?"

तिनं सागरगोटा वर उडवला, झेलला, मुठीत धरून ठेवला. खरंच विचार करत होती. मग मला विचारलं, "बाई, तिथं संध्याकाळी किती पानं देतात?"

मी स्वयंपाकघरात निघून गेले, ऋता. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

पायल माझं ऐकणार नाही. गिरणीवाली, वर खोटारडी. मुख्याध्यापिकेचं ऐकेल. तू सांगितलंस की ही मुलगी चपळ आहे आणि हिला संध्याकाळी काहीही द्यायचं नाही, तर मान खाली घालून ऐकेल. पण त्यासाठी तुला स्वतः येऊन बघावं लागेल. सहा वाजता ये. स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते. चपला बाहेर काढ आणि सतरंजीवर बस. मला काही म्हणू नकोस, माझी माफी वगैरे मागू नकोस. पाचवा सागरगोटा मिळत नाही, तुझ्याकडे असला तर घेऊन ये.

या पत्राला शिक्का नाही, त्यामुळे मला उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. चिमीनं विचारलंय, तिला मात्र दे.

ताई